वीस सहव्याधींची यादी आणि त्यामागचा पुरावा

कोणत्या करोना रुग्णाची प्रकृती गंभीर होऊ शकते, याचे पहिले ठोस आकडे फेब्रुवारी २०२० मध्ये चीनमधून आले. निदान निश्चित झालेल्या सुमारे ४४ हजार रुग्णांत मृत्यूचे प्रमाण २.३ टक्के होते. ऐंशी आणि त्यापुढील वयोगटात मात्र ते १४.८ टक्के भरले. मधुमेहींमध्ये ते ७.३ आणि हृदयविकार असलेल्यांमध्ये १०.५ टक्के होते. त्याच वर्षी युरोप-अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींतून पुरुष असणे, लठ्ठपणा आणि मूत्रपिंडाचा जुनाट विकार हे घटकही पुढे आले. वयाचे पारडे मात्र सर्वांत जड राहिले.

रुग्ण दाखल झाल्यावर डॉक्टरांचे लक्ष रक्तातल्या लिम्फोसाइट या संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची घट, वाढलेले सीआरपी (दाहाची खूण) व डी-डायमर (रक्तात गुठळ्या होत असल्याची खूण) आणि अर्थातच ऑक्सिजनची पातळी यांकडे असे. आपल्याकडे नातेवाइकांच्या तोंडी मात्र फुप्फुसे किती बाधित आहेत हे सांगणारा सीटी स्कॅनचा पंचवीसपैकी ‘स्कोअर’च अधिक होता.

खरा वाद झाला तो या पुराव्याचे धोरणात रूपांतर होताना. १ मार्च २०२१ पासून साठ वर्षांवरील सर्वांना आणि ४५ ते ५९ वयोगटातील सहव्याधीग्रस्तांना, म्हणजे आधीपासून दुसरा एखादा विकार असलेल्यांना, लस खुली झाली. त्यासाठी केंद्राने वीस व्याधींची यादी ठरवली आणि नोंदणीकृत डॉक्टरचे प्रमाणपत्र सक्तीचे केले. अवयव प्रत्यारोपण, डायलिसिस, रक्ताचा कर्करोग यांच्या समावेशाबद्दल दुमत नव्हते. पण मधुमेहाच्या मुख्य नोंदीत दहा वर्षांहून जुना किंवा गुंतागुंत झालेला मधुमेह आणि त्याच्या जोडीला उपचार सुरू असलेला उच्च रक्तदाब, अशी दुहेरी अट होती. म्हणजे बावन्न वर्षांच्या, आठ वर्षे गोळ्या घेणाऱ्या आणि साखर सतत चढी असलेल्या माणसाला दुसरा कोणताही विकार नसेल, तर तो या यादीत बसत नव्हता. लठ्ठपणाला तर तीत स्वतंत्र स्थानच नव्हते. लस अपुरी असताना कुठेतरी रेघ ओढावीच लागते, हे मान्य. परंतु तोवर वर्षभराचा पुरावा हाताशी होता आणि त्यात एकट्या मधुमेहाचाही धोका स्पष्ट दिसत होता. शिवाय ज्यांचा रक्तदाब कधी मोजलाच गेला नाही, त्यांनी प्रमाणपत्र आणायचे कुठून, हा प्रश्न ग्रामीण भागात अधिक टोकदार होता. महिनाभरातच, १ एप्रिलपासून, ४५ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली आणि ती अट बाजूला पडली. पण तोवर महाराष्ट्रात दुसरी लाट भरात आली होती.

त्या लाटेने मधुमेहाची आणखी एक बाजू दाखवली. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात आणि ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना त्याचा फायदा होत नाही, हे जून २०२० मध्येच समजले होते. तरीही स्टेरॉइडे सरसकट आणि जास्त मात्रेत दिली गेली. अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइडे यांच्या संगतीने म्युकरमायकोसिस हा बुरशीजन्य आजार बळावला आणि मे २०२१ मध्ये राज्यातल्या रुग्णालयांत त्यासाठीच्या अँफोटेरिसिन इंजेक्शनांची टंचाई झाली.

पुढे लसीकरण न झालेले असणे हाच गंभीर आजाराचा एक मोठा घटक ठरला. जानेवारी २०२२ मध्ये साठीपुढच्यांसाठी तिसरी मात्रा सुरू करताना सहव्याधीची अट पुन्हा घालण्यात आली, पण या वेळी प्रमाणपत्र मागितले गेले नाही. १६ मार्च २०२२ पासून ती अटही काढून टाकण्यात आली.