१३६६ चा घोळ

जुना लॅपटॉप किंवा ३२ इंची टीव्ही घेतलेल्यांना १३६६ × ७६८ (पडद्यावरचे आडवे × उभे ठिपके) हा आकडा ओळखीचा असेल. या मापाचे पडदे घरोघरी पोचले, पण कॉम्प्युटरला हे माप कधी नीट पचलं नाही.

नळीवाल्या जाडजूड मॉनिटरला मापाचं फारसं वावडं नव्हतं. इलेक्ट्रॉनचा झोत काचेवर ओळी ओढत जायचा. ६०० सांगितल्या तर ६००, ७६८ तर ७६८. सपाट एलसीडीत मात्र पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, कारखान्यातच मोजून बसवलेले असतात. ग्राफिक्स कार्डाने नेमके तेवढेच ठिपके पाठवले, तरच चित्र जसंच्या तसं उमटतं.

७६८ ओळी हा १०२४ × ७६८ च्या जुन्या पडद्यांचा वारसा. तीच उंची ठेवून १६:९ चा रुंद पडदा करायचा, तर रुंदी येते १३६५.३३. पिक्सेलचा तिसरा हिस्सा काही बनवता येत नाही, म्हणून १३६६. इथेच माशी शिंकली. मॉनिटरची मानकं ठरवणाऱ्या व्हेसा संस्थेच्या नेहमीच्या सूत्रात रुंदी ८ च्या पटीत लागते, आणि १३६६ ला ८ ने भाग जात नाही. हेच सूत्र वापरणाऱ्या लिनक्सच्या ‘सीव्हीटी’ आज्ञेला १३६६ चं गणित मागा, ती मुकाट्याने १३६८ चं देते!

पडदा आपलं माप कॉम्प्युटरला कळवतो ते ईडीआयडी नावाच्या माहितीतून. तिचा मूळ भाग जेमतेम १२८ बाइटचा. त्यातल्या एका रकान्यात रुंदी एकाच बाइटमध्ये मावावी म्हणून ८ ने भागून लिहितात. तिथे १३६६ लिहिताच येत नाही. सविस्तर रकान्यात ती लिहिता येते, तरी बरेच टीव्ही १३६० × ७६८ सांगून मोकळे व्हायचे. मॉनिटर जोडायच्या जुन्या व्हीजीए केबलमध्ये ही माहिती १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांतून जाते. त्यातली एक वाकली तरी चित्र येतं, माप येत नाही. मग कॉम्प्युटर अंदाजाने १०२४ × ७६८ पाठवतो आणि पडदाभर ताणलेल्या त्या चित्रात गोल चेहरे आडवे पसरतात.

१२८० × ७२० पाठवलं तर चेहरे ठीक दिसतात, पण दर १५ ओळींच्या १६ कराव्या लागतात. पंधरा ठिपक्यांची रांगोळी सोळा ठिपक्यांच्या कागदावर बसवण्यासारखंच हे. एका पिक्सेलची काळी रेघ कुठे नेमकी बसते, कुठे दोन ओळींत वाटली जाऊन करडी होते. देवनागरी मजकुरात हे चटकन लक्षात येतं: एका ओळीची शिरोरेघ ठसठशीत, खालच्या ओळीची पुसट. चष्म्याचा नंबर वाढला, असं वाटायला लावणारा प्रकार.

फोर-केचं ३८४० × २१६० हे माप १९२० × १०८० च्या रुंदीलाही आणि उंचीलाही बरोबर दुप्पट, त्यामुळे १९२० × १०८० च्या चित्रातल्या एका पिक्सेलच्या जागी चार सारखे पिक्सेल ठेवता येतात. २५६० × १४४० च्या पडद्यावर तेच चित्र १.३३ पट होतं आणि पुन्हा तीच गत.

अक्षरं बारीक वाटली की अनेकजण रेझोल्यूशनच, म्हणजे पाठवायच्या ठिपक्यांचं माप, कमी करतात. माझ्या मते हा सर्वांत वाईट उपाय. रेझोल्यूशन पडद्याच्या मूळ मापावरच ठेवा आणि विंडोजमधलं स्केलिंग १२५ टक्के करा. मग बहुतेक प्रोग्रॅम मोठी अक्षरं नव्याने रेखतात. टीव्हीला जोडल्यावर टास्कबार कापला जात असेल, तर दोष बहुधा ओव्हरस्कॅनचा, म्हणजे चित्र थोडं मोठं करून कडा कापण्याच्या टीव्हीच्या सवयीचा; तो टीव्हीच्याच चित्राच्या सेटिंगमध्ये बंद करता येतो.