काळ्या पाषाणाखाली सोनं? एक खुलासा
अक्कलकोट, मंगळवेढ्याकडे विहीर खोदताना चकाकता खडा निघाला की चर्चा सुरू होते: "आपला दगड ज्वालामुखीचा, खाली सोनं असणारच." ही समजूत चुकीची आहे. तिच्यापायी कुणी पैसे घालवू नयेत म्हणून हे लिहितोय.

नुसत्या लाव्हाने सोनं साठत नाही, ते आणून सोडतं गरम पाणी. जपान, इंडोनेशिया, पेरूमधल्या ज्वालामुखींच्या पट्ट्यांत, साधारण दीड किलोमीटर खोलीच्या आत, १५० ते ३०० अंश तापलेलं पाणी भेगांतून वर चढतं, उकळतं आणि विरघळलेलं सोनं-चांदी गारेच्या (क्वार्ट्झच्या) शिरांत टाकून देतं. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पातळ लाव्हा दूरवर पसरून झाला. त्याच्या पोकळ्यांत चमकतात ते झिओलाइट, कॅल्साइट, गारगोट्या. सुंदर असतात, पण सोनं नव्हे.

कर्नाटकात रायचूरकडच्या हट्टीत सोनं आहे, हे खरं. तिथला खडकही मुळात लाव्हाच. पण २५० कोटी वर्षांहून जुना. आपल्याकडचे जुने खडक बेसाल्टखाली गाडलेत. शेजारच्या किल्लारीत भूकंपानंतर घेतलेल्या बोअरमध्ये बेसाल्ट संपायला सुमारे ३४० मीटर लागले.

जिथे खरी लक्षणं असतात, तिथेही शोध ओढ्यातल्या गाळाच्या आणि मातीच्या नमुन्यांपासून सुरू होतो. मग चर, मग ड्रिलिंग. टनामागे एक-दोन ग्रॅम सोनं डोळ्यांना दिसतही नाही.

पिवळा खडा सापडलाच, तर फरशीच्या मागच्या खरखरीत पांढऱ्या बाजूवर घासा. हिरवट-काळी रेघ उठली तर तो पायराइट, म्हणजे सोन्यासारखं दिसणारं लोखंड-गंधकाचं खनिज. हातोडीखाली त्याचा चुरा होतो, सोनं चपटं होतं.