‘आब्लारे’मधला ‘ए’ आला कुठून?

पुण्यात स्पॅनिशचा वर्ग लावलेल्या मराठी विद्यार्थ्याची भविष्यकाळात एक चूक हमखास होते. वर्तमानकाळ शिकताना ‘आब्लार’ (बोलणे) यातला ‘आर’ काढून प्रत्यय लावायचा हात बसलेला असतो. इथेही तो ‘आर’ काढतो, ‘ए’ लावतो आणि ‘आब्ले’ म्हणतो. पण त्याचा अर्थ ‘मी बोललो’! ‘मी बोलेन’ म्हणायला अख्खे ‘आब्लार’ ठेवून ‘आब्लारे’ करावे लागते. हा ‘आर’ का टिकला, ते लॅटिनपासून पाहावे लागते.

लॅटिनमध्ये ‘कान्ताबित’ म्हणजे गाईल आणि ‘कान्तावित’ म्हणजे गायला. पुढे बोलण्यात दोन स्वरांमधले ब आणि व एक झाले, त्यामुळे भविष्य आणि भूत कानाला सारखेच वाटू लागले. लोकांनी दुसरी वाट काढली: ‘कान्तारे हाबेओ’. हाबेओ म्हणजे ‘माझ्याकडे आहे’. एकूण भाव ‘मला गायचे आहे’ असा. ‘मला उद्या मुंबईला जायचंय’ यात आपणही कर्तव्य आणि भविष्य एकाच दमात सांगतो. तिथे कर्तव्याचा अर्थ विरत गेला आणि दोन शब्दांचा एक झाला. फ्रेदेगारच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ७ व्या शतकातल्या बखरीत एक राजा जुन्या रूपात ‘नोन दाबो’ (देणार नाही) म्हणतो आणि सम्राट जस्टिनियन नव्या रूपात उत्तरतो, ‘दारास’: देशील!

जुन्या स्पॅनिशमध्ये हा जोड सैल होता. ‘तुला देईन’ हे ‘दार ते ए’ असे, सर्वनाम मध्ये घालून म्हणत (इथला ‘ए’ म्हणजे ‘हाबेओ’च). आज ‘ते दारे’ म्हणतात. आन्तोनिओ दे नेब्रिखाने १४९२ च्या व्याकरणात ही फोड नोंदवली आहे.

‘हाबेओ’ ज्याचे रूप, त्या क्रियापदाचा स्पॅनिश अवतार म्हणजे ‘आबेर’. त्याचा वर्तमानकाळ देवनागरीत लिहून पाहा: ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन. भविष्यकाळाचे प्रत्यय: ए, आस, आ, एमोस, एइस, आन. स्पॅनिश लिपीत आरंभीचा अनुच्चारित ‘ह’ हे नाते झाकतो. आपल्या लिपीत ते उघडे पडते. कोमेर (खाणे) असो की बिबिर (जगणे), हेच सहा प्रत्यय पूर्ण रूपाला लागतात: कोमेरे, बिबिरे.

आघात (उच्चारातला जोर) मात्र प्रत्ययावरच हवा. ‘आब्लारा’त तो शेवटी असेल तर ‘बोलेल’. मधल्या ‘ला’वर पडला तर वेगळेच, संकेतार्थी रूप होते. लिहिताना पाच रूपांवर आघातचिन्ह येते, ‘एमोस’वर येत नाही, कारण ‘स’ने संपणाऱ्या शब्दात उपान्त्य आघात नियमानेच पडतो. ‘ओइर’ (ऐकणे) याचे मूळचे चिन्ह ‘ओइरे’त प्रत्ययावर सरकते.

अनियमित म्हणून पाठ करायला लावतात ती डझनभर क्रियापदेही प्रत्ययात नियमितच आहेत, बिघडते फक्त अंग, म्हणजे प्रत्ययाआधीचा भाग. ‘तेनेर’ला ‘ए’ लागल्यावर मधला आघातहीन स्वर गळाला, न आणि र भिडले, मध्ये द शिरला: तेन्द्रे. वानराचा ‘वांदर’ झाला तो असाच.

रोजच्या बोलण्यात ठरलेल्या बेतासाठी ‘बोय आ आब्लार’ (बोलणार आहे) ही रचना जास्त ऐकू येते. साधा भविष्यकाळ अंदाजाकडेही वळला आहे: ‘एस्तारा एन कासा’, म्हणजे ‘घरी असेल’. हा ‘असेल’ मराठी माणसाला निराळा शिकवावा लागत नाही.