विटलेली फर आणि तांबडी पडलेली फर

संग्रहालयातल्या पेंढा भरलेल्या प्राण्याचा रंग वेगळा दिसला की कारण ठरलेलं असतं: ‘जुना आहे ना, विटणारच.’ मग अंधाऱ्या कपाटात आयुष्य काढलेल्या कातडीलाही तेच कारण चिकटवलं जातं. ते वाचून आता वैताग येतो. हे दोन वेगळे बदल आहेत. एक उजेडाने होतो, दुसऱ्याला उजेड लागतच नाही.

विटणं सगळ्यांना माहीत आहे, खिडकीतल्या पडद्याचं होतं तेच. अतिनील आणि दृश्य प्रकाशाने केसांतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य मोडतं आणि रंग उतरतो. हा मार साठत जातो. 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेडात दहा तास आणि 100 लक्समध्ये पाच तास, नुकसान साधारण सारखंच. फरसारख्या नाजूक वस्तूंसाठी 50 लक्सची मर्यादा पाळतात ती म्हणूनच. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतलं उत्तर अमेरिकी सस्तन प्राण्यांचं दालन 1942 साली उघडलं. दिव्यांखाली उभ्या असलेल्या तिथल्या प्राण्यांचा रंग इतका उडाला की 2012 साली दालन नव्याने खुलं करण्याआधी संवर्धकांना फरवर पुन्हा रंग चढवावा लागला. एवढं पुरे.

आता दुसरा बदल. अभ्यासासाठी जपलेल्या कातड्या बंद खणांत, अंधारात ठेवतात. तरीही वर्षं सरतात तसा त्यांच्यातल्या अनेकांचा रंग तांबडा होत जातो. संग्रहालयवाले याला ‘फॉक्सिंग’ म्हणतात. रंगद्रव्याचं हवेतल्या ऑक्सिजनशी संथपणे होणारं ऑक्सिडीकरण हे त्याचं कारण मानलं जातं. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच दिसलं: मुळात तांबूस-तपकिरी असलेल्या प्राण्यांच्या कातड्या साठवणीच्या काळाबरोबर आणखी तांबड्या होतात. ‘अंधारात ठेवलं म्हणजे रंग टिकला’ हे वाक्य त्यामुळे मला सगळ्यात जास्त खटकतं.

खरी गफलत पुढे आहे. फिका म्हणजे उजेड आणि तांबडा म्हणजे फॉक्सिंग, अशी सोपी वाटणी करून मोकळं होता येत नाही. काळा केस उजेडात विटताना आधी तांबूस-तपकिरी होतो, फिका नंतर पडतो. जिवंत प्राण्याची गडद फरसुद्धा उन्हाने तांबारते आणि नवे केस येईपर्यंत तशीच राहते. म्हणजे नुसता तांबडेपणा पाहून काहीच ठरत नाही. तो कुठे आहे ते बघायचं.

फर बोटांनी हलकेच विंचरून केसाच्या मुळाशी पाहा (हातमोजे घालून; जुन्या कातड्यांना आर्सेनिक लावलेलं असतं). उजेडाचा मार टोकांना आणि दिव्याकडच्या बाजूला बसतो. पायांमधली, शेपटीखालची, दुसऱ्या केसांनी झाकलेली फर मूळ रंग राखून असते. पाठ उतरलेली आणि काखेत गडद पट्टा शिल्लक, असा नमुना दिसला तर दोष दिव्याचाच. फॉक्सिंगला अशी बाजू नसते. ते ओळखायला एकाच प्रजातीच्या, एकाच ऋतूत, एकाच परिसरात मिळालेल्या कातड्या लेबलावरच्या सालानुसार ओळीने मांडायच्या. जुन्या टोकाकडे तांबडेपणा वाढत गेला आणि खण कायम बंद होता, तर संशय फॉक्सिंगवर.

हे न करता शंभर वर्षांपूर्वीची तांबूस कातडी ताज्या करड्या कातडीशेजारी ठेवायची आणि रंगावरून उपप्रजाती वेगळी काढायची, हा प्रकार मला अक्षम्य वाटतो. त्या तुलनेत भूगोलाइतकंच कपाटही बोलत असतं.

काजळी, झिरपलेली चरबी, अल्कोहोलमधल्या नमुन्यांचा उतरलेला रंग हे प्रश्न वेगळे आहेत आणि ओळखायला सोपे. काजळी निदान काढता तरी येते.

उपायही एक नाही. विटण्यावर उपाय म्हणजे दिवे कमी करा. फॉक्सिंगपुढे दिव्यांचं बटण कामाचं नाही. थंड साठवणीने रासायनिक क्रिया मंदावते, इतकंच. म्हणून माझा आग्रह एकच: कातडी ताजी असतानाच रंग मोजा, रंगपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. आणि अभ्यासाच्या कातडीवर रंग चढवू नका. ती युक्ती काचेमागच्या देखाव्यापुरतीच ठीक.