कामावरच्या आवाजाने ऐकू कमी येणे: ओशाची नोंद वेगळी, भरपाईचा क्लेम वेगळा

अमेरिकेत मशीन शॉप, छापखाना, सुतारकामाचे किंवा पॅकिंगचे युनिट चालवणाऱ्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी

ओशाच्या (अमेरिकेची केंद्रीय कामगार-सुरक्षा संस्था) लॉगमध्ये, म्हणजे कामावरच्या इजा-आजारांच्या नोंदवहीत, कामगाराला ऐकू कमी येते अशी नोंद केली तर चूक कबूल केल्यासारखे होईल का? उद्या तोच कागद दाखवून कामगार भरपाई मागेल का? हे आम्हाला सारखे विचारले जाते. ओशाच्या नियमातच लिहिले आहे की नोंद केल्याने मालक दोषी ठरत नाही, नियम मोडला असे ठरत नाही आणि कामगार भरपाईला पात्र आहे असेही ठरत नाही. नोंदीचा नियम केंद्राचा आहे (काही राज्ये स्वतःची ओशा चालवतात), तर वर्कर्स कॉम्पचा (कामावरच्या इजेच्या भरपाईचा) कायदा ज्या त्या राज्याचा. दोन्हीकडचा हिशोबही निराळा.

नोंद कधी करायची?

एक उदाहरण घेऊ. पंच प्रेसवरच्या कामगाराच्या उजव्या कानाची बेसलाइन (ऐकण्याच्या पहिल्या चाचणीचे आकडे; आकडा जितका मोठा तितके ऐकू कमी) २०००, ३००० आणि ४००० हर्ट्झला ५, १० आणि १५ डेसिबल होती, म्हणजे सरासरी १०. यंदा आकडे आले १०, २५ आणि ४०. सरासरी २५. फरक १५ चा. इथे ओशाच्या दोन अटी बघायच्या: बेसलाइनपासून सरासरी १० किंवा जास्त घसरण, आणि त्याच कानाची आजची सरासरी २५ किंवा त्याहून जास्त. दोन्ही लागू, म्हणून ही केस फॉर्म ३०० वर, म्हणजे लॉगमध्ये, जाते. ३० दिवसांत फेरचाचणी करता येते. तिच्यात घसरण टिकली नाही तर नोंद नको. टिकली तर सात दिवसांत करायची. कामाचा संबंध नाही असे डॉक्टरांनी ठरवले तरीही नोंद लागत नाही, पण ते डॉक्टरांनी ठरवायचे, सुपरवायझरने नव्हे.

घसरण १० ची आहे पण आजची सरासरी २५ च्या खाली, अशा वेळी लॉग कोरा राहतो. तरी कामगाराला २१ दिवसांत लेखी कळवावे लागते आणि इअरप्लग नीट बसतात का ते पुन्हा बघावे लागते. बरेच जण हे विसरतात.

आता याच कामगाराची भरपाई

काही राज्ये कानाच्या डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेचे १९७९ चे सूत्र वापरतात. त्यात ५००, १०००, २००० आणि ३००० हर्ट्झची सरासरी धरतात. ४००० त्यात नाहीच. २५ डेसिबलच्या वरच्या प्रत्येक डेसिबलला दीड टक्का. आपल्या कामगाराला ५०० आणि १००० ला १०-१० येत असतील तर सरासरी १४ च्या आतच राहते. म्हणजे लॉगमध्ये नोंद आहे आणि या सूत्राने भरपाई शून्य! उलटही घडते: लॉगमध्ये नाव नसलेला माणूस निवृत्तीनंतर क्लेम करतो. क्लेमची मुदत राज्यागणिक बदलते, म्हणून नोटीस आली की स्वतः निवाडा न करता लगेच विमा कंपनीला कळवा. क्लेम केला म्हणून कामगाराला त्रास देणे तर बेकायदाच.

बेसलाइनवर कंजुषी नको

आठ तासांचा सरासरी आवाज ८५ डेसिबल किंवा जास्त असेल तर त्या आवाजात काम सुरू केल्यापासून पहिली चाचणी सहा महिन्यांत व्हायला हवी आणि पुढे दरवर्षी. या पहिल्या चाचणीआधी १४ तास कामाचा आवाज कानावर नको. इअरमफ घालूनही चालते, पण आम्ही सोमवारी सकाळी, पाळी सुरू होण्याआधीच चाचणी घ्यायला सांगतो. काही ठिकाणी शेवटच्या मालकावर सगळा बोजा येतो. माणूस आधीच्या नोकरीतून कान खराब करून आला होता हे दाखवायला तेव्हा हीच चाचणी कामी येते.

कागद किती दिवस?

आवाजाच्या मोजणीचे दोन वर्षे, लॉगचे पाच वर्षे, चाचण्यांचे कामगार नोकरीत असेपर्यंत. आमचा सल्ला, चाचण्यांचे कागद फाडूच नका. क्लेम नोकरी सुटल्यावरही येतात. दहा किंवा कमी माणसे असतील तर सहसा लॉगची सक्ती नाही. चाचणीला मात्र ती सवलत नाही.

आमची चाचणीची व्हॅन बोलावणार असाल तर बेसलाइनला वर्षभर मुदत मिळते, पण सहा महिन्यांनंतर चाचणी होईपर्यंत इअरप्लग सक्तीचे. व्हॅन येण्याआधी जुने ऑडिओग्राम (ऐकण्याच्या चाचणीचे कागद), आवाजाच्या मोजणीचा कागद आणि प्रत्येकाची रुजू होण्याची तारीख काढून ठेवा.