लोहमार्ग की महामार्ग वाद (नाशिक)

नाशिक आणि आजूबाजूच्या पट्ट्यात, म्हणजे इगतपुरी-सिन्नरपासून निफाड-मनमाडपर्यंत, पैसा आणि जमीन आधी रुळांना द्यायची की रस्त्यांना, यावर चालत आलेला वाद. आज तो पुण्याच्या रेल्वेवरून नाहीतर नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावरून रंगतो, पण त्याच्या मुळाशी जायचं तर एकोणिसाव्या शतकापासून सुरुवात करावी लागते. शहराची वाढ हे तर उघड कारण आहेच. महापालिका हद्दीतली लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत १०.७७ लाख होती ती २०११ मध्ये १४.८६ लाख झाली, आणि मुंबई-पुणे-नाशिक या त्रिकोणात मुंबई-पुणे आणि मुंबई-नाशिक या दोन बाजूंना रेल्वे आहे पण पुणे-नाशिक या तिसऱ्या बाजूला थेट रेल्वे अजूनही नाही. रुळावरून पुण्याला जायचं तर कल्याणवरून नाहीतर मनमाड-दौंडवरून वळसा घालायचा, त्यामुळे बहुतेक लोक सरळ गाडी काढतात किंवा एसटीत बसतात.

स्टेशन गावापासून लांब का, हा या वादाचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात जास्त चघळलेला भाग. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे म्हणजे जीआयपीने कसारा ते इगतपुरी थळ घाट १८६५ च्या सुरुवातीला खुला केला आणि त्याच सुमाराला मार्ग नाशिकच्या बाजूने पुढे सरकला, पण स्टेशन झालं ते आजच्या नाशिकरोडला, जुन्या गावापासून आठ ते दहा किलोमीटरवर. याबद्दल गावात दोन मतं ऐकू येतात. एक असं की क्षेत्र बाटेल म्हणून गावकऱ्यांनी आणि क्षेत्रोपाध्यांनी विरोध केला आणि कंपनीने माघार घेतली. दुसरं मत इंजिनिअरांच्या बाजूने जाणारं आहे: इगतपुरीहून मार्ग ईशान्येला मनमाड-भुसावळकडे न्यायचा होता, तो साधारण दारणा आणि गोदावरी यांच्यामधल्या उंचवट्यावरून देवळालीकडे येतो आणि नाशिकरोडच्या पुढे गोदावरी ओलांडून निफाडकडे जातो, गावात शिरायचं म्हटलं तर विनाकारण पश्चिमेला वळून परत यावं लागलं असतं. शिवाय देवळालीला लष्कराची छावणी उभी राहात होती आणि कंपनीला तीही सोयीची होती. पहिल्या मताला गोष्टीची चव आहे हे खरं, पण देशातल्या बऱ्याच जुन्या गावांत स्टेशन लांब असण्याचं अगदी हेच कारण सांगितलं जातं, आणि नकाशा समोर ठेवला की दुसरं मत आपोआपच जड वाटायला लागतं. कदाचित विरोध झालाही असेल, पण विरोध नसता तर मार्ग गावातून गेला असता असं मानायला जागा कमी आहे. पुढे ७ नोव्हेंबर १९८२ ला नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका एकत्र करून महापालिका झाली, तेव्हा कागदावर स्टेशन शहरात आलं. अंतर मात्र तेवढंच राहिलं.

हे अंतर भरून काढायला जो उपाय केला गेला तो म्हणजे नाशिकची ट्राम, आणि वादाच्या इतिहासात तिला थोडी जास्त जागा देणं भाग आहे कारण शहराच्या आत रूळ विरुद्ध रस्ता ही लढाई खरोखर झाली ती तेव्हाच. ट्रामचं साल १८८९ दिलं जातं. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. सल्लागार इंजिनिअर एव्हरर्ड कॅलथ्रॉप, ज्यांचं नाव पुढे बार्शी लाईट रेल्वेमुळे झालं (ती १८९७ ला सुरू झाली आणि तिचं गेजही तेच, अडीच फूट). सुरुवातीला दोन डबे आणि ओढायला चार घोडे, मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिका इमारतीपासून निघून नाशिकरोड स्टेशनपर्यंत, आणि मधला बराच पट्टा तेव्हा झाडाझुडपांचा, वस्ती नसलेला. आधी नाशिक ट्रामवे कंपनी नावाच्या खासगी कंपनीकडे होती, मग ब्रॅडी कंपनीने घेतली, पुढे घोडे गेले आणि पेट्रोल इंजिन आलं. पेट्रोलवर चालणारी देशातली पहिली ट्राम हीच असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं सापडतं, पण कराचीतही १९१० च्या आसपास पेट्रोल ट्राम धावत होत्या तेव्हा हा मान जरा जपूनच द्यावा, "पहिल्यांपैकी एक" म्हटलं तर कुणाची हरकत नसावी.

ट्राम बंद पडली १९३१ ते १९३३ च्या दरम्यान. कारण म्हणून दुष्काळ आणि प्लेग यामुळे वर्षानुवर्षं आलेला तोटा असं सांगतात. पण मोठे दुष्काळ आणि प्लेगची मोठी लाट १८९६ नंतरच्या काही वर्षांतली, आणि ट्राम त्यानंतर तीसएक वर्षं चालली, म्हणजे या कारणाने ती अशक्त झाली असेल पण मेली असेल असं वाटत नाही. तारखा जुळतात त्या वेगळ्याच गोष्टीशी. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये रस्ते विकास समिती नेमली गेली, तिच्या शिफारशीवरून १९२९ ला पेट्रोलवरच्या जादा करातून केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला, आणि देशभर मोटारबस वाढल्या. १९३२-३३ मध्ये तर मिचेल आणि कर्कनेस या दोघांना, एक रस्त्याचा माणूस एक रेल्वेचा, रस्ता-रेल्वे स्पर्धेचा देशभर अभ्यास करायला बसवलं आणि १९३३ ला सिमल्याला रेल-रोड परिषदही भरली. नेमक्या त्याच वर्षांत नाशिकची ट्राम थांबते. बाकी ठिकाणी जे होत होतं तेच इथेही झालं असावं, हे मत आम्हाला जास्त पटतं. रूळ उखडले, रस्ता राहिला.

यापुढचा मुद्दा घाटाचा. थळ घाटात रुळाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, टक्केवारीत २.७. रस्त्याच्या हिशोबाने हा चढ काहीच नाही, डोंगरी भागात पाच टक्के चढ रस्त्याला सहज चालतो, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं म्हणून रेल्वेला तो खूप होतो. त्यासाठी कसाऱ्याला गाडी थांबते, मागून बँकर इंजिनं येऊन लागतात, हलकासा धक्का बसतो, चहावाला खिडकीतून शेवटचे पैसे घेतो, मग पुढचं इंजिन ओढतं आणि मागची ढकलतात, आणि इगतपुरीला बँकर सुटतात. उतरताना उलटी काळजी: ब्रेक तपासायचे, वेग बांधलेला, आणि एखादी गाडी सुटलीच तर तिला चढावर घालून थांबवायचे कॅच सायडिंगचे फाटे. जुन्या लोकांना इगतपुरीचा लांब थांबा आठवतो तो वेगळ्या कारणाने, मुंबईकडून १५०० व्होल्ट डीसी वीज यायची आणि पलीकडे २५ किलोव्होल्ट एसी, म्हणून तिथे इंजिनच बदलावं लागायचं. २००० नंतरच्या दशकात घाटातही एसी आली आणि हे प्रकरण संपलं.

कसारा लोकल नाशिकपर्यंत आणा ही मागणी याच चढावर अडकते. कसारा मुंबईपासून १२१ किलोमीटर, नाशिकरोड १८७ च्या आसपास, म्हणजे राहिलेलं अंतर फार नाही, पण घाटात लोकल चालवायची तर ब्रेक, मोटरची ताकद आणि डब्यांची जोडणी सगळं त्या हिशोबाने हवं, आणि आहे त्या मार्गावर मालगाड्या आणि उत्तरेच्या एक्स्प्रेस आधीच गर्दी करून बसल्यात. तोवर रोज जाणाऱ्यांची भिस्त पंचवटी एक्स्प्रेसवर. १९७५ पासून चालणारी ही गाडी, पासवाल्यांचा वेगळा डबा, त्या डब्याची स्वतःची शिस्त. रेल्वेच्या बाजूने बोलणारे हेच उदाहरण देतात की रोज मुंबईला नोकरीला जाऊन रात्री घरी येणारा माणूस या शहरात रेल्वेमुळे आहे, रस्त्याने हे कुणी वर्षानुवर्षं करून दाखवावं.

महामार्गवाल्यांचं उत्तर आता समृद्धी आहे. नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटर, पहिला टप्पा शिर्डीपर्यंत ११ डिसेंबर २०२२ ला, पुढचा भरवीरपर्यंत २६ मे २०२३ ला, मग इगतपुरीपर्यंत मार्च २०२४ मध्ये, आणि शेवटचा इगतपुरी-आमणे हा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ ला खुला झाला. त्यात इगतपुरीजवळ पावणेआठ किलोमीटरच्या आसपासचा जुळा बोगदा आहे. रेल्वे दीडशे वर्षं ज्या घाटाशी झगडते तो रस्त्याने एका फटक्यात पोखरून काढला, हा मुद्दा बिनतोड आहे आणि तो मान्य करायला पाहिजे. पण समृद्धीही नाशिक शहरात येत नाही, ती सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांतून बाजूने जाते, शहरातल्या माणसाला आधी जुन्या मुंबई-आग्रा रस्त्याने घोटी-इगतपुरी गाठावी लागते, आणि आमण्याला उतरल्यावर पुढे भिवंडी-ठाण्याची रांग आहेच. म्हणजे १८६५ ला रुळांनी जे केलं तेच रस्त्याने केलं.

नाशिक-पुणे हा सध्याचा सगळ्यात तापलेला भाग. महारेल या राज्य सरकार आणि रेल्वे मंत्रालयाच्या संयुक्त कंपनीने मांडलेला सेमी हायस्पीड प्रकल्प सुमारे २३५ किलोमीटरचा, खर्च १६,०३९ कोटी, वेग ताशी २०० किलोमीटर, मार्ग सिन्नर-संगमनेर-नारायणगाव-मंचर-चाकण असा. सिन्नर तालुक्यात काही जमिनी खरेदीही झाल्या. अडलं ते खोडदला. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यातल्या १४ मध्यभागी आणि बाकीच्या तीन फाट्यांवर पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. ती मीटरभर तरंगलांबीच्या आसपासचे अतिशय क्षीण रेडिओ संकेत ऐकते. विजेवर धावणाऱ्या गाडीचा पेंटोग्राफ, म्हणजे टपावरचा वीज घेणारा सांगाडा, तारेला घासताना ठिणग्या उडतात, त्या ठिणग्यांचा आणि गाडी ओढणाऱ्या मोटरच्या इलेक्ट्रॉनिक्सचा गोंगाट नेमका याच पट्ट्यात येतो, आणि गोंगाट किती हे ठिणगी, वेग, तारेची अवस्था यावर बदलत राहतं म्हणून तो गणिताने वजा करून टाकता येत नाही. बोगदा, लांबून वळण, ढाल असे पर्याय बोलले गेले, मग रेल्वे मंत्रालयाने मार्गच शिर्डी-अहिल्यानगरकडे वळवायचं धरलं आणि संगमनेर, नारायणगाव, जुन्नरची मंडळी उठली, कारण मग रेल्वे होऊनही त्यांच्या गावातून जाणार नाही. वळणाने अंतर वाढतं, आणि अंतर वाढलं की रस्त्याशी स्पर्धेतला वेळेचा फायदा घटतो, हा आक्षेप आम्हाला रास्त वाटतो. तोपर्यंत जुना ५० नंबरचा हायवे चौपदरी झाला, चंदनापुरी घाट सुधारला, खेड घाटाला बायपास झाला, आणि सगळा वाचलेला वेळ चाकणला खर्च होतो.

जमिनीच्या बाबतीत दोन्ही पक्ष शेतकऱ्याला सारखेच. सुरत-चेन्नई ग्रीनफिल्ड (म्हणजे पूर्ण नव्या जागेतून जाणाऱ्या) महामार्गाच्या वेळी दिंडोरी-निफाड-सिन्नर भागात मोबदल्यावरून विरोध झाला, आणि द्राक्षबाग जाणार म्हटल्यावर माणूस रूळ आहे की डांबर हे विचारत बसत नाही, मांडव आणि ठिबकसकट लावणीचा खर्च कोण देणार ते विचारतो. फरक आहे तो पुढचा: रस्त्यालगतच्या उरलेल्या तुकड्यावर हॉटेल नाहीतर पेट्रोलपंप निघू शकतो (समृद्धीसारख्या बंदिस्त रस्त्यावर तेही नाही), रुळालगतच्यावर काही नाही.

मालाच्या बाबतीत चित्र मिश्र. द्राक्ष निर्यात थंड कंटेनरने थेट बागेच्या पॅकहाऊसमधून जेएनपीटी बंदराला जाते, तिथे रस्त्याला पर्याय नाही. कांद्याचं तसं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये लासलगावहून दिल्लीला १,६०० टन कांदा एका गाडीने गेला, ट्रकला अठरा टन धरले तर नव्वदच्या आसपास ट्रक झाले. देशातली पहिली किसान रेल, म्हणजे शेतमालाची गाडी, हीही देवळालीहूनच दानापूरला सुटली, ७ ऑगस्ट २०२०. अडचण एवढीच की अख्खी गाडी भरायला एवढा माल एका वेळी एका जागी लागतो आणि छोट्या व्यापाऱ्याला तो जमत नाही, भाव पडायच्या आत दोन ट्रक काढून तो मोकळा होतो. एकलहरे वीज केंद्राचा कोळसा मात्र रुळानेच येतो, त्यावर वाद नाही.

शहरातल्या वाहतुकीबद्दल थोडक्यात. मुंबई नाका-द्वारका वरून जाणारा सुमारे सहा किलोमीटरचा उड्डाणपूल २०१३ पासून आहे, त्याने बाहेरची वाहनं वरून गेली आणि द्वारका चौक खाली जसाच्या तसा राहिला. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओसाठी २,०९२ कोटींचा आकडा जाहीर झाला. ही रुळांवरची मेट्रो नव्हेच, रबरी टायरची, वरच्या तारेतून वीज घेणारी लांब जोडबस, उन्नत मार्गावरून जाणारी. मुख्य मार्ग दोन, गंगापूर ते नाशिकरोड आणि गंगापूर ते मुंबई नाका. वादाच्या दोन्ही बाजूंनी तिला आपली मानली आणि काम काही उभं राहिलं नाही. ट्राम ज्या अंतरासाठी होती त्या अंतरावर, म्हणजे गाव ते स्टेशन, सध्या जुलै २०२१ पासून महापालिकेची सिटीलिंक बस, रिक्षा आणि स्वतःची दुचाकी चालते. २०२७ च्या सिंहस्थासाठी देवळाली, ओढा आणि खेरवाडी या स्टेशनांची कामं आणि शहराबाहेरून रिंगरोड अशी दोन्ही यादीत आहेत.