टर्बो गाडीचा मॅनिफोल्ड घेताय? आधी साखर कारखान्याची वाफेची लाईन बघा

माझ्या मावसभावाने मागच्या वर्षी त्याच्या जुन्या १.८ लिटर टर्बो पेट्रोल गाडीला ऑनलाईन एक मॅनिफोल्ड मागवला. मॅनिफोल्ड म्हणजे सिलेंडरांतून निघणारा धूर गोळा करून टर्बोकडे नेणारा पाईपांचा जुडगा, आणि टर्बो म्हणजे त्याच धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. स्टेनलेसचा, चारही पाईप सारख्या लांबीचे, वेटोळे घेतलेले, चकचकीत, नुसतं बघत बसावं असा. चार महिने झाले आणि सकाळी गाडी चालू केली की टकटक आवाज यायला लागला, इंजिन तापलं की आवाज गायब, पण पिकअप मात्र पहिल्यापेक्षा मेलेला. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक फॅब्रिकेशनवाले मामा आहेत, गाळप संपलं की ते साखर कारखान्यांच्या वाफेच्या पाईपांची कामं घेतात, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चार पाईप जिथे एकत्र येतात तिथली केसाएवढी चीर नखाने दाखवली आणि म्हणाले, "मालक, माल चांगलाय, पण ह्याला हलायला जागाच ठेवली नाय."

मला विचाराल तर मॅनिफोल्ड निवडायची सगळी अक्कल या एका वाक्यात आहे.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने काय कमी नाहीत. आत गेलात तर बघा, वाफेचा पाईप सरळ चाललेला असतो आणि मधेच उगाच वर चढतो, आडवा जातो, परत खाली येतो, उलटा यू केल्यासारखा. ते उगाच नसतं. ५० मीटर लोखंडी पाईप १५० अंशांनी तापला की साधारण ९ सेंटीमीटर लांब होतो, ती वाढ तो यू वाकून पोटात घेतो, नाहीतर पाईप भिंत तरी ढकलेल नाहीतर जोड तरी उचकटेल.

आता हेच बॉनेटखाली आणा. पेट्रोल टर्बोचा धूर फुल लोडला ९०० अंशांच्या वर जातो. ३०४ स्टेनलेसचा (३०४ म्हणजे नेहमीच्या स्टेनलेसचा प्रकार) ४० सेंटीमीटरचा मॅनिफोल्ड ८०० अंशांनी तापला तर पावणेसहा मिलिमीटर वाढतो, बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तेवढाच मॅनिफोल्ड चारेक मिलिमीटर. आणि तो ज्या सिलेंडर हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, बोल्टने आवळलाय ते हेड पाण्याने गार ठेवलेलं असतं, ते जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर वाढतं. मग मॅनिफोल्डने जायचं कुठे? तापून मऊ झालेला धातू स्वतःतच दाबला जातो, गार होताना परत आखडतो, पण आता तो आधीपेक्षा आखूड झालेला असतो म्हणून वेल्डवर ताण येतो. तार हाताने वाकवून वाकवून तोडतो ना, तसंच, फक्त इथे वाकवणारी उष्णता असते.

म्हणून मोजायचं ते किलोमीटर नाही, तापणं आणि गार होणं किती वेळा झालं ते. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर एका दमात गेलात तर ते एकच आवर्तन. सात रस्त्यावरून जुळे सोलापूर, तिथून होटगी रोड, परत घरी, असं पाय दाबत दिवसातून पाच वेळा केलंत तर पाच. (आपल्याकडचं ४४ डिग्रीचं ऊन याला जबाबदार धरू नका, ९०० पुढे ४४ काय आणि २० काय.)

मग लांब नागमोडी पाईप चांगले, कारण ते वाकून वाढ पोटात घेतात? हो, पण त्यांच्या टोकाला टर्बो लटकत नसेल तर. टर्बो सहा-आठ किलोचा असतो, आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ते वजन लाल झालेल्या पाईपला हिसका देतं. म्हणून ट्यूब्युलर, म्हणजे असा पाईप जोडून केलेला, मॅनिफोल्ड घेणार असाल तर टर्बोला खालून आधार देणारा ब्रॅकेट हवाच, आणि तोही जरा सरकू देणारा. भावाच्या मॅनिफोल्डला ब्रॅकेट होता, पण दोन्हीकडून गच्च आवळलेला. तिथेच घात झाला.

आणि एवढी सारखी लांबी लागते का? हिशोब करून बघा. गरम धुरात दाबाची लाट सेकंदाला साधारण साडेसहाशे मीटर धावते. चार सिलेंडरच्या इंजिनात ३००० आरपीएमला दर १० मिलीसेकंदाला धुराचा एक धक्का येतो. एक पाईप दुसऱ्यापेक्षा २० सेंटीमीटर लांब असला तर फरक पडतो ०.३ मिलीसेकंदाचा. रेसला सात-आठ हजार आरपीएमवर गाडी पळवणाऱ्याला हा फरक महत्त्वाचा, आपल्याला नाही. उलट पाईप जितका लांब तितकी उष्णता वाटेत गळते आणि भरायची जागा वाढते, म्हणजे टर्बो उशिरा जागा होतो. कंपनीचा बीडाचा आखूड, बुटका मॅनिफोल्ड दिसायला गरीब वाटतो, पण गावात चालवायच्या गाडीला तोच बहुतेक वेळा बरा असतो, हे मी अगदी मनापासून सांगतो. सारख्या लांबीपेक्षा जोड्या बघा: फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडर पेटायचा क्रम, १-३-४-२ असेल तर १ बरोबर ४ आणि २ बरोबर ३, म्हणजे एकाचा धक्का दुसऱ्याच्या उघड्या व्हॉल्व्हमध्ये शिरत नाही. पण याला टर्बोही ट्विन स्क्रोल, म्हणजे धूर आत यायला दोन वेगळ्या वाटा असलेला, लागतो, साध्या टर्बोवर दोन भागांचा मॅनिफोल्ड लावून तो फायदा मिळत नाही.

स्टेनलेसचा घ्यायचाच असेल तर ३२१ प्रकारचं स्टेनलेस मागा. ३०४ साधारण ४२५ ते ८५० अंशांत बराच वेळ राहिलं की त्यातलं क्रोमियम कार्बनशी जुळून कणांच्या कडेला जमतं आणि तिथून धातू कमजोर होतो, ३२१ मधलं टायटॅनियम त्या कार्बनला आधीच धरून ठेवतं. चुंबकाने हे दोन वेगळे ओळखता येत नाहीत, टेस्ट सर्टिफिकेट मागा. जाडी बघा, दीड इंची शेड्युल १० (हे पाईपच्या जाडीचं माप) पाईप २.७७ मिलिमीटरचा येतो, कारखान्यात वापरतात तोच, दीड मिलिमीटरचा नको. मग मोबाईलचा टॉर्च लावून आत बघा. वेल्ड करताना आतून आर्गॉन वायू (धातू जळू नये म्हणून) सोडला नसेल तर आतली बाजू काळी, खरबरीत, जळलेल्या साखरेसारखी दिसते, वेल्डर त्याला शुगरिंगच म्हणतात. त्यातला एक कण सुटला तर पुढे टर्बाइनचं चाक मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेत असतं. फ्लँजवर, म्हणजे हेडला बोल्टने बसणाऱ्या सपाट पट्टीवर, सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) फिरवा, फ्लँज सपाट आहे का कळतं. दोन पोर्टच्या (धुराच्या भोकांच्या) मधे फ्लँज कापलेला दिसला तर घाबरू नका, ती हलायला ठेवलेली जागा असते.

तुमच्या गाडीत नवीन १.० टीएसआय (फोक्सवॅगन-स्कोडाचं १ लिटर टर्बो पेट्रोल) वगैरे इंजिन असेल तर हा विषयच नाही, त्यात मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो. आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा डबा) काढून टाका म्हणणाऱ्याचं ऐकू नका, गाडीत असे बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने बंधनं आहेत आणि तो धूर आपल्याच गल्लीत राहतो.

भावाचा मूळ बीडाचा मॅनिफोल्ड माळ्यावर पोत्यात होता. मामांनी त्याचा फ्लँज घासून सपाट केला, नवीन गॅस्केट, नवीन स्टड, आणि नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला आवळत नेले. पाचशे किलोमीटरनंतर गार इंजिनवर परत पाना लावायला बोलावलंय.